सोलर रेटिनोपॅथी : दुर्बिणीतून सूर्य पाहताना डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा

सूर्याकडे थेट पाहिल्यामुळे डोळ्याच्या आतील पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, जी इजा होते तिला सोलर रेटिनोपॅथी म्हणतात. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे टक लावून पाहिल्यास ही इजा काही सेकंदांत ते काही मिनिटांत होऊ शकते. फिल्टर नसलेल्या दुर्बिणीतून पाहिल्यास क्षणभरही पुरतो.

घरगुती वापराच्या दुर्बिणी आता सहज मिळतात. कोरेगाव भीमासारख्या गावातही अनेक घरांना मोकळी गच्ची किंवा अंगण असते आणि रात्री चंद्र पाहून झाला की दिवसा सूर्यावरचे डाग पाहण्याची इच्छा होणे साहजिक आहे. 2 सप्टेंबर 2023 रोजी आदित्य-एल1 यान अवकाशात गेले. त्यावरील 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झाली आहे, त्यामुळे मुलांनाही या विषयाची गोडी लागते. 2 ऑगस्ट 2027 रोजी दुपारनंतर आपल्या भागातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. हा छंद चांगला आहे आणि तो पूर्ण सुरक्षितपणे करता येतो. त्यासाठी पुढील माहिती घरातील सर्वांना असायला हवी.

थोडक्यात महत्त्वाचे

• दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. डोळा दुखला नाही म्हणजे इजा झाली नाही, असे समजू नका.
• लक्षणे बहुधा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात.
• ही इजा भरून आणणारे खात्रीचे औषध नाही. म्हणून प्रतिबंध हाच उपाय.
• सूर्याचा फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर हवा, डोळा लावायच्या बाजूला नव्हे.

इजा कशी होते?

दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे याच भागामुळे होतात. आपण सूर्याकडे पाहतो तेव्हा त्याची प्रतिमा नेमकी येथेच पडते.

नुसत्या डोळ्यांनी पाहताना ही प्रतिमा साधारण 0.16 मिलिमीटर रुंदीची असते. तीव्र प्रकाशामुळे, विशेषतः निळ्या प्रकाशामुळे, तेथील पेशींत रासायनिक बदल होतात आणि त्या निकामी होऊ लागतात. हा भाग लगेच भाजत नाही, म्हणूनच लक्षणे उशिरा दिसतात.

दुर्बिणीत गोष्ट वेगळी होते. 70 मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण घ्या. उन्हात आपली बाहुली आकसून सुमारे 2 मिलिमीटर होते. त्या मानाने ही दुर्बीण सुमारे 1200 पट प्रकाश गोळा करून डोळ्यात सोडते. 35 पट मोठे करून पाहिल्यास पडद्यावरील सूर्याची प्रतिमा सुमारे साडेपाच मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ संपूर्ण पीतबिंदू व्यापते. लहान ठिपक्यातील उष्णता आजूबाजूच्या पेशींत आणि रक्तप्रवाहात विखुरते. एवढ्या मोठ्या भागातील उष्णता विखुरायला वाव राहत नाही. पडदा भाजतो, आणि पापणी मिटेपर्यंत इजा होऊन गेलेली असते.

लक्षणे कोणती?

• नजरेच्या मधोमध काळा, करडा किंवा पिवळसर डाग दिसणे
• अंधुक दिसणे, वाचताना मधले अक्षर गायब होणे
• सरळ रेषा वाकड्या दिसणे, जसे दाराची चौकट किंवा विजेची तार
• रंग फिके किंवा बदललेले दिसणे
• उजेड सहन न होणे, डोके दुखणे

दोन्ही डोळ्यांनी पाहिले असल्यास दोन्हींत लक्षणे येऊ शकतात. दुर्बिणीत एकच डोळा लावला जात असल्याने बहुधा एकाच डोळ्याला इजा होते, आणि दुसरा डोळा ती उणीव झाकून टाकतो. म्हणून प्रत्येक डोळा वेगळा तपासा. लहान मुले स्वतःहून सांगत नाहीत. "फळ्यावरचे मधले अक्षर दिसते का?" असे एकेक डोळा झाकून विचारा.

वेल्डिंगनंतरच्या त्रासाशी गल्लत करू नका. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यातील कामगारांना हा त्रास ठाऊक असतो. काही तासांनी डोळे लाल होतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, पाणी वाहते. ती डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाची इजा असते आणि बहुधा एक-दोन दिवसांत भरते. सूर्यामुळे पडद्याला झालेल्या इजेत डोळा बाहेरून अगदी स्वच्छ आणि न दुखणारा असू शकतो.

घरी करायची तपासणी

गणिताच्या चौकटीच्या वहीचे पान घ्या. मधोमध पेनाने ठिपका काढा. वाचायचा चष्मा असल्यास लावा. पान सुमारे 30 सेंटिमीटरवर धरून एक डोळा झाका आणि ठिपक्याकडे पाहा. रेषा वाकड्या, तुटक किंवा पुसट दिसल्यास, किंवा ठिपकाच दिसेनासा झाल्यास, डोळे दाखवणे आवश्यक आहे. मग दुसरा डोळा तपासा. ही तपासणी ठीक आली तरी ती डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

फिल्टरशिवाय दुर्बिणीतून किंवा बायनॉक्युलरमधून सूर्य पाहिला गेला असल्यास लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यानंतर वरीलपैकी एकही लक्षण दिसल्यास तसेच करा.

तपासणीत बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतात. त्यानंतर काही तास अंधुक दिसते आणि उजेड खुपतो. म्हणून सोबत कोणाला तरी घेऊन जा. नगर रस्त्यावरून स्वतः दुचाकी चालवत परत येऊ नका. केव्हा, किती वेळ आणि कशातून पाहिले, कोणती औषधे चालू आहेत आणि तुमचे काम कोणते, हे डॉक्टरांना सांगा.

निदान कसे होते?

डॉक्टर दृष्टी मोजतात आणि पडदा तपासतात. सुरुवातीच्या दिवसांत पीतबिंदूच्या मध्यभागी बारीक पिवळसर ठिपका दिसू शकतो. कधी पडदा वरवर नीट दिसतो. अशा वेळी ओसीटी ही तपासणी सर्वांत उपयोगी ठरते. यात सुई नसते आणि दुखत नाही. पडद्याच्या थरांचे उभ्या छेदासारखे चित्र मिळते आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या थरातील बारीक तूटही दिसते. पुण्यातील मोठ्या नेत्र रुग्णालयांत ही सोय आहे.

उपचार आणि बरे होण्याची शक्यता

ही इजा उलटवणारा सिद्ध झालेला उपचार नाही. स्टिरॉइडचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि काही रुग्णांत त्यामुळे पडद्याखाली पाणी साचू शकते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका, त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो. मध, गुलाबपाणी किंवा दूध डोळ्यात घालू नका.

नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे झालेली इजा अनेकांत आपोआप सुधारते, बहुधा तीन ते सहा महिन्यांत. ऑगस्ट 1999 मधील ग्रहणानंतर इंग्लंडमधील लेस्टर येथे 45 जण डोळ्यांच्या तक्रारी घेऊन रुग्णालयात आले होते. बहुतेकांची दृष्टी सुधारली, पण काहींना सात महिन्यांनीही नजरेत डाग जाणवत होता. तक्त्यावरील अक्षरे सर्व वाचता आली तरी असा बारीक डाग कायम राहू शकतो. दुर्बिणीमुळे पडदा खोलवर भाजला असेल तर तेथे व्रण तयार होतो आणि मधली दृष्टी कायमची कमी होऊ शकते. बाजूची दृष्टी मात्र बहुधा शाबूत राहते.

दृष्टी सुधारेपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वाहन चालवू नका. यंत्रावर काम करत असल्यास कामाबद्दलही विचारून घ्या.

कोणाला जास्त धोका?

मुलांच्या डोळ्यातील भिंग अधिक पारदर्शक असल्याने त्यांच्या पडद्यावर अतिनील आणि निळा प्रकाश जास्त पोहोचतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातलेल्यांनी आणि प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी, उदाहरणार्थ टेट्रासायक्लिन गटातील गोळ्या किंवा पांढऱ्या डागांवरील सोरालेन, विशेष काळजी घ्यावी. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

सुरक्षितपणे सूर्य कसा पाहावा?

1. पुढच्या तोंडावर फिल्टर. दुर्बिणीसाठीच बनवलेला, ऑप्टिकल डेन्सिटी 5 चा फिल्टर घ्या. तो सूर्यप्रकाशाचा एक लाखावा भाग आत सोडतो. 3.8 डेन्सिटीची फिल्म केवळ छायाचित्रणासाठी असते, डोळ्यांनी पाहण्यासाठी नाही.

2. दर वेळी तपासणी. फिल्टर बल्बसमोर धरून पाहा. एकही छिद्र किंवा ओरखडा दिसल्यास तो फेकून द्या. वाऱ्याने निघू नये म्हणून चिकटपट्टीने पक्का करा.

3. आयपीसला लावायचा छोटा 'सन फिल्टर' वापरू नका. काही स्वस्त दुर्बिणींसोबत तो मिळतो. तेथे एकवटलेल्या उष्णतेने तो पाहता पाहता तडकू शकतो. असा फिल्टर घरात असल्यास नष्ट करा.

4. फाइंडर काढून ठेवा किंवा झाका. दुर्बिणीची जमिनीवरील सावली सर्वांत लहान होईल तशी ती फिरवली की ती सूर्याकडे रोखली जाते.

5. पडद्यावर प्रतिमा पाडा. लहान भिंगाच्या दुर्बिणीच्या आयपीसमागे पांढरा पुठ्ठा धरून सूर्य आणि त्यावरचे डाग एकाच वेळी अनेकांना दाखवता येतात. मधूनमधून दुर्बीण थंड होऊ द्या. मोठ्या माणसाने तिच्याजवळून हलू नये, कारण मूल पटकन डोळा लावते. काम संपताच झाकण लावा.

6. दुर्बीण नसल्यास पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाहा. आपल्या भागात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, तोही मुलांना दाखवण्यासारखा आहे.

सुरुवात अनुभवी लोकांसोबत करणे चांगले. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी आकाशनिरीक्षकांसाठी काम करते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीतून पाहिले तर चालेल का?
नाही. तो नुसत्या डोळ्यांसाठी असतो. दुर्बिणीतून आलेल्या उष्णतेने तो क्षणात जळतो.

एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल किंवा परातीतील पाणी चालते का?
नाही. डोक्यावर आलेल्या सूर्याचा सुमारे 2 टक्के, म्हणजे पन्नासावा भाग प्रकाश पाण्यावरून परत येतो, आणि सूर्य कलल्यावर त्याहून जास्त. सुरक्षित प्रमाण लाखात एक आहे. अर्घ्य देताना पाण्याच्या धारेतून सूर्याकडे टक लावून पाहणे आणि सूर्यत्राटक यांनीही इजा होऊ शकते.

वेल्डिंगची काच?
नुसत्या डोळ्यांनी पाहण्यासाठी 14 नंबरची काच चालते. वेल्डिंगच्या कामात बहुधा त्याहून कमी नंबरची काच असते, ती पुरेशी नाही. दुर्बिणीसोबत कोणतीच वेल्डिंगची काच वापरू नका.

ग्रहणात वेगळे घातक किरण येतात का?
नाही. किरण नेहमीचेच असतात. उजेड कमी झाल्याने डोळे दिपत नाहीत आणि माणूस जास्त वेळ पाहत राहतो, धोका त्यात आहे. खंडग्रास ग्रहणात एकही क्षण नुसत्या डोळ्यांनी पाहण्याजोगा नसतो.

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, कृत्रिम भिंग संरक्षण देते का?
बहुतेक भिंगे अतिनील किरण अडवतात, पण दृश्य प्रकाश आणि उष्णता अडवत नाहीत. नियम तेच पाळा.