एकट्याच्या सर्व्हरवरची गर्दी

घरी सर्व्हर चालवणाऱ्या माणसाच्या सवयी इतरांना जरा विचित्रच वाटतात. माझ्याच घ्या. आमच्या कपाटावर एक जुना लॅपटॉप चोवीस तास चालू असतो. बॅटरी अजून तग धरून आहे, त्यामुळे लाइट गेली तरी तो थोडा वेळ काढतो. त्यावर डेबियन लिनक्स आहे आणि त्यात घरातल्या चौघांचे फोटो, सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत स्कॅन केलेले कागद आणि आजीच्या आवाजातल्या ओव्या आहेत. रोज सकाळी मी फोनवरूनच त्यात लॉगिन करतो. रात्रीचा बॅकअप झाला का, डिस्क किती भरली, ते बघतो. लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी वाचतो. ‘अपटाइम’ ही कमांड देतो. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

या पाच मिनिटांतली एकही सवय मुळात माझी नाही. प्रत्येकीमागे कुणीतरी माणसं आहेत, आणि बहुतेक वेळा ती एकाच यंत्रावर दाटीवाटीने काम करणारी आहेत.

सुरुवात १९६९ सालची, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या बेल लॅब्समधली. त्या वर्षी बेल लॅब्सने मल्टिक्स नावाच्या अवाढव्य प्रकल्पातून अंग काढून घेतलं. पण केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांना त्यातली एक गोष्ट सोडवेना, ती म्हणजे एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करणं. नुसता प्रोग्रॅम लिहिण्यासाठी नाही, तर ज्याच्याभोवती माणसं जमतील असं काहीतरी हवं होतं, अशा अर्थाचं रिचींनी पुढे लिहून ठेवलं आहे. थॉम्प्सन यांना एक फारसा कुणी न वापरणारा पीडीपी-७ संगणक सापडला आणि त्यावर युनिक्स जन्माला आलं. अडगळीतल्या यंत्रावर सर्व्हर उभा करणाऱ्यांची परंपरा अशी जुनी आहे.

एका यंत्रावर अनेकजण आले की चाळीसारखे नियम लागतात. म्हणून फाइलला मालक आला, कुणी वाचायचं आणि कुणी बदलायचं याच्या परवानग्या आल्या. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या ज्याच्याकडे, तो ‘रूट’. पण रूटचा अधिकार सारखा हातात ठेवणं धोक्याचं. म्हणून १९८०च्या सुमारास बफलोच्या विद्यापीठात ‘सुडो’ लिहिलं गेलं. गरजेपुरता अधिकार घ्यायचा, काम करायचं आणि तो सोडून द्यायचा. परवानगी नसलेल्याने सुडो चालवलं, की या प्रकाराची तक्रार होईल अशी तंबी मिळायची. माझ्या घरी ती तक्रार माझ्याकडेच येणार!

ठरल्या वेळी कामं उरकणारा ‘क्रॉन’ १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत होता. दिवसा यंत्रावर गर्दी, म्हणून जड कामं रात्री. माझ्या सर्व्हरवर दुपारीही शुकशुकाट असतो, तरी बॅकअप मी रात्री दोनलाच लावलाय. लॉग नीट जमा करणारं ‘सिसलॉग’ बर्कलीच्या एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात आपल्या सेंडमेल या मेल प्रोग्रॅमसाठी केलं. अपटाइम तर आजही किती जण लॉगिन आहेत ते सांगतं. माझ्याकडे तो आकडा एकच असतो.

मग गर्दी गेली कुठे? २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण घरच्या पीसीसाठी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, असं जाहीर केलं. शेकडो जणांसाठी आखलेली व्यवस्था एकट्याच्या टेबलावर येऊ लागली. त्याच परिसरातल्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी १९९५ साली ‘एसएसएच’ लिहिलं. फोनवरून मी सर्व्हरमध्ये शिरतो तो याच दारातून. १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ आणलं. फाइलचा बदललेला भाग तेवढाच पाठवायचा, म्हणजे संथ लाइनवरही काम भागतं. माझा रात्रीचा बॅकअप त्यावरच चालतो.

एवढा खटाटोप कशाला, फोटो क्लाउडवर टाकले की झालं, असं मला सगळेच सांगतात. पण क्लाउडवरही कुणीतरी रूट असतोच, फक्त तो आपल्या ओळखीचा नसतो. २००९ साली जिओसिटीज बंद झालं. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं. आमच्या पिढीने पहिल्यांदा रोमन लिपीत का होईना, मराठी गप्पा मारल्या त्या तिथे. बंद करण्याचा निर्णय आम्ही घेतला नव्हता.

तरी हा इतिहास वाचताना मला क्लाउडपेक्षा माझ्या कपाटाची काळजी जास्त वाटते. बेल लॅब्समध्ये यंत्र सगळ्यांचं होतं आणि ते समजणारेही अनेक होते. माझ्या घरी डेटा चौघांचा आणि पासवर्ड एकाच्या डोक्यात. आईने कधी मला रूट म्हणून निवडलेलं नाही. उद्या मला काही झालं, तर तिच्यासाठी ऑर्कुट आणि हा लॅपटॉप यांत काय फरक?

म्हणून जुन्या सवयींत मी दोन नव्या घातल्यात. बॅकअपची दुसरी डिस्क नाशिकला ताईकडे असते. दर दिवाळीला मी ती बदलतो आणि त्यातल्या चार-पाच फाइल तिच्याच हाताने उघडून बघतो, कारण जो बॅकअप कुणी उघडूनच पाहिला नाही, त्याचा भरवसा नाही. आणि घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, विम्याच्या पॉलिसीच्या मागे, एक हाताने लिहिलेला कागद ठेवलाय. सर्व्हर कसा बंद करायचा, फोटो कुठे आहेत, पासवर्ड कोणत्या पाकिटात आहे, आणि अडलं तर कुणाला फोन करायचा. सगळं मराठीत, कमांडशिवाय.

तुमच्याही घरी असा डबा चालू असेल, तर आधी हा कागद लिहा. अपटाइम नंतर बघता येईल.