गोवर्धनाशिवाय गोवर्धनधारी

मंडळी, गोवर्धनाची गोष्ट तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. इंद्र कोपला, पाऊस कोसळू लागला, कृष्णाने डोंगर उचलून धरला आणि सारं गोकुळ त्याखाली आलं. पण डोंगरच काढून घेतला तर? मग उरतो नुसता एक हात वर केलेला मुलगा. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयात असा एक कृष्ण आहे.

ही मूर्ती आपल्याकडची नव्हे, कंबोडियाची. त्या देशाच्या दक्षिणेला नॉम दा नावाची एक छोटी टेकडी आहे. तिथे खडकात गुहा खोदलेल्या आहेत. इसवी सन ६०० च्या सुमारास तिथे विष्णू, राम, कृष्ण अशा देवांच्या भव्य मूर्ती घडवल्या गेल्या. क्लीव्हलंडचा कृष्ण त्यांतलाच, दोन मीटर उंचीचा. अभ्यासक मानतात की तो गुहेत उभा होता आणि डोक्यावरचा खडक हाच त्याचा गोवर्धन. पावसाळ्यात मेकाँगच्या पुराने आजूबाजूची जमीन पाण्याखाली जाते आणि टेकडीचं बेट होतं. पुरात बुडणाऱ्या मुलखाने नेमकी हीच कथा उचलावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

पुढे फ्रेंच अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, मूर्तीचे तुकडे युरोपात गेले. काही तुकडे तर ब्रसेल्समधल्या एका धनिकाच्या बागेत मातीखाली पडून होते! १९७३ मध्ये क्लीव्हलंडने मूर्ती विकत घेतली. नॉम दाचाच दुसरा एक कृष्ण कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. या दोघांच्या तुकड्यांची सरमिसळ झाली होती. कुठला तुकडा कुणाचा, हे त्रिमितीय स्कॅनिंगच्या मदतीने अलीकडे ठरलं आणि दोन्ही संग्रहालयांनी मिळून ते जागी लावले.

मूर्ती जुळली, पण डोंगर? तो २०२१ च्या प्रदर्शनात आणला ऑगमेंटेड रिअॅलिटीने. प्रेक्षकांना मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स नावाचा चष्मा दिला. त्यातून समोरचं खरं दालन दिसत राहतं आणि त्यावरच संगणकाने रचलेली चित्रं उभी राहतात. टेकडी, गुहा, त्यात उभा कृष्ण, सगळं पूर्ण आकारात. तिथल्याच केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या लोकांनी हे काम केलं.

संग्रहालयात वस्तूसोबत काहीतरी जोडून देण्याची सोय तशी नवी नाही. आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ मध्येच कानाला यंत्र लावून माहिती ऐकता येत होती. त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून कथा गात आले आहेत. फरक एवढाच, की चित्रकथी समोर कोण बसलंय ते बघून सांगतो. चष्मा सगळ्यांना एकच दाखवतो.

आणि बघणारे तर एक नसतात. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला हा मुलगा कोण, इथपासून सुरुवात. आपल्यापैकी कुणी गेलं तर कथा तोंडपाठ, पण नॉम दा ऐकलेलंही नसतं. कंबोडियाच्या माणसाचं आणखी वेगळं. नॉम पेन्हच्या संग्रहालयात आजही लोक मूर्तीपुढे फुलं वाहतात. त्याच्या लेखी ती कलावस्तू असते, तसाच देवही असतो. आपल्याला हे समजायला कठीण नाही. शाळेच्या सहलींत काचेमागच्या गणपतीला हात जोडणारी मुलं मी दरवर्षी पाहिली आहेत. त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं. चष्म्यात गुहा दाखवता येईल, पण हा नमस्कार कुठून आणणार?

म्हणून मला हे यंत्र आवडतंही आणि थोडी धास्तीही वाटते. आवडतं, कारण मूर्ती कुठून उखडली गेली हे ते लपवत नाही, उलट डोळ्यांपुढे आणतं. धास्ती अशी, की चित्रातली गुहा इतकी सुंदर दिसली, की खऱ्या गुहेचा प्रश्नच कुणी विचारणार नाही. 'डोंगर इथे आणलाय ना, मग मूर्ती तिथे कशाला न्यायची?' असं म्हणणं फार सोपं आहे.

याच संग्रहालयाने २०१५ मध्ये दहाव्या शतकातला एक हनुमान कंबोडियाला परत केला. तो को केर इथल्या मंदिरातला, १९८२ मध्ये विकत घेतलेला. संग्रहालयाने स्वतः चौकशी केली आणि मूर्ती पाठवून दिली. तिथे कसलाच चष्मा लागला नाही. कृष्णाची हकिगत वेगळी आहे, दोघांना एकाच तराजूत घालू नये हे खरं. पण तंत्रज्ञान कशाच्या जागी वापरायचं नाही, हे त्या हनुमानाकडे बघून कळतं.

आपल्या महाबलीपुरमला सातव्या शतकातला एक गोवर्धनधारी खडकातच कोरलेला आहे. तो आणि त्याचा डोंगर एकाच दगडाचे, त्यामुळे कुणाला एकट्यालाच नेता आलं नाही. पुढच्या वेळी तिकडे जाल तेव्हा त्याच्यापुढे दोन मिनिटं जास्त थांबा.

तुमच्यापैकी कुणी तो चष्मा लावून पाहिला असेल तर जरूर कळवा. असो.