शिवाजी पार्कवरील गुरु

अमेरिकेंत दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाचीं लहान महाविद्यालयें पुष्कळ आहेत. तेथील फुटबॉलच्या शिक्षकाचें जिणें मोठें चमत्कारिक असतें. हातीं आलेला मुलगा दोन वर्षें घडवावयाचा आणि तो तयार झाला, कीं मोठ्या विद्यापीठाच्या स्वाधीन करावयाचा. टाळ्या पडावयाच्या त्या दुसऱ्याच मैदानावर. असा गुरु आपल्याकडे शोधावयाचा झाल्यास दादरच्या शिवाजी पार्कापलीकडे जाण्याचें कारण नाहीं.

रमाकांत विठ्ठल आचरेकर यांचा जन्म १९३२ सालीं मालवण येथें झाला. १९४५ पासून ते न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबाकडून खेळूं लागले. पुढें गिरणीच्या व बंदराच्या संघांतूनहि ते खेळले. परंतु प्रथम दर्जाचा सामना त्यांच्या वांट्यास एकच आला. तो १९६३-६४ च्या हंगामांत, मोइनउद्दौला चषकासाठीं, स्टेट बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध. खेळाडू म्हणून त्यांची कथा येथेंच संपते, आणि ती लवकर संपली हें मुंबईच्या क्रिकेटचें भाग्यच म्हटलें पाहिजे.

शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लब आणि शाळांमध्यें शारदाश्रम, हीं त्यांचीं दोन कार्यक्षेत्रें. बलविंदर संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, अजित आगरकर हे त्यांच्याच तालमींत तयार झाले. १९८४ मध्यें अजित तेंडुलकरांनीं आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावास, सचिनला, त्यांच्याकडे आणलें. मुलाच्या वांद्र्याच्या शाळेंत क्रिकेटची तशी सोय नव्हती. म्हणून त्यानें शारदाश्रमांत यावें, असा सल्ला गुरूंनीं दिला. सराव करतां करतां सचिन थकला, कीं ते यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो त्यास बाद करील त्याचें तें नाणें. कोणीहि बाद करूं न शकल्यास तें सचिनचें. अशीं तेरा नाणीं त्यानें पुढें जपून ठेवलीं. एका मैदानावरचा डाव आटोपला, कीं गुरुजी त्यास आपल्या स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेत. शाबासकी मात्र तोंडांतून निघावयाची नाहीं. आज पनवेलजवळील खांदा कॉलनीसारख्या नव्या वसाहतींतूनहि पाठीवर भलें मोठें दप्तर घेऊन मुलें क्रिकेट शिकावयास जातात. त्यांच्या पालकांना हा कोरडेपणा कितपत रुचेल, याची शंकाच आहे.

फेब्रुवारी १९८८ मध्यें हॅरिस ढालीच्या उपान्त्य सामन्यांत, सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध, तेंडुलकर व विनोद कांबळी यांनीं ६६४ धांवांची अभंग भागी केली. तेंडुलकर ३२६, कांबळी ३४९. गुरुजी मैदानावर नव्हते. डाव घोषित करा, अशा खुणा त्यांचे साहाय्यक बाहेरून करीत होते. मुलें तिकडे पाहीनातच. अखेर टेलिफोनवर गुरुजींची आज्ञा झाली आणि डाव थांबला. कांबळीच्या साडेतीनशेंस एकच धांव उणी होती. ती विनंतीहि मान्य झाली नाहीं. सामना जिंकणें हें काम, विक्रम हें नव्हे, हा त्यांचा हिशेब कठोर खरा, पण शाळकरी मुलांच्या शिक्षकास दुसरा हिशेब शोभणारा नव्हता. तो विक्रम हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनीं २००६ सालीं ७२१ धांवा करून मोडला.

गुरु एकच असला, तरी प्राक्तनें निराळीं. तेंडुलकरांचें नांव जगभर झालें. कांबळीनें १७ कसोटी सामन्यांत ५४ ची सरासरी राखली, आणि १९९५ नंतर त्यास एकहि कसोटी मिळाली नाहीं. आचरेकरांना १९९० मध्यें द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० मध्यें पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजीं ते निवर्तले.

त्या भागीच्या वेळीं पायांस पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला एक मुलगा होता, अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाहीं. मोठेपणीं त्यानें पदार्पणांतच मुंबईसाठीं २६० धांवा केल्या, प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें अकरा हजारांहून अधिक धांवा जमविल्या; पण भारताची टोपी त्याच्या मस्तकावर चढली नाहीं. मग त्यानें गुरूचाच मार्ग धरला. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं खांदा कॉलनीपासून फार दूर नसलेल्या नेरूळच्या मैदानावर भारतीय महिलांनीं दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनीं हरवून विश्वचषक प्रथमच जिंकला. त्या संघाचे शिक्षक होते मुझुमदार.