लोणारचें तळें व ‘आईन-इ-अकबरी’मधील उतारा

१. वऱ्हाडांतील लोणारच्या तळ्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बरेंचसें लिखाण तें तळें कसें उत्पन्न झालें याच प्रश्नाभोंवतीं फिरतें. या तळ्याचें एक जुनें व बरेंच तपशीलवार वर्णन अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त आलेलें आहे. लोणारचा विषय निघाला म्हणजे त्याचा उल्लेख होतो, आणि उल्लेख झाला कीं विषय संपला असें मानण्यांत येतें. तथापि जुना लेख उतरून घेणें निराळें व तो तपासणें निराळें. सदर उताऱ्यांतील एकेक विधान घेऊन तें प्रत्यक्ष स्थळाशीं ताडून पाहिल्यास काय निष्पन्न होतें, हें थोडक्यांत दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

२. प्रथम उताऱ्याचा काळ पाहूं. इ. स. १५९६ त अहमदनगरच्या निजामशाहीशीं झालेल्या तहानें वऱ्हाड मोंगलांकडे गेला. त्याअर्थीं वऱ्हाड सुभ्याचें हें प्रकरण त्या सालानंतर लौकरच लिहिलें गेलें असलें पाहिजे. नवा मुलूख हातीं आला, त्याची माहिती मागविली गेली, आणि ती आग्र्यास किंवा लाहोरास बसलेल्या लेखकाच्या हातांत पोंचली, अशी ही परंपरा दिसते. मेहकर सरकारांत लोणार घातलें असून त्याविषयींचीं विधानें, जॅरेटच्या १८९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरावरून, पुढीलप्रमाणें आहेत : (अ) हें क्षेत्र मोठें पवित्र असून ब्राह्मण त्यास विष्णुगया म्हणतात, (आ) तेथें एक कोस लांब व एक कोस रुंद असें डोंगरांनीं वेढलेलें तळें आहे व त्यांत फार खोल झरा आहे, (इ) पाणी खारें, पण मध्यावरचें व कांठचें गोडें आहे, (ई) कांच व साबण करण्याचें द्रव्य आणि सोरा तेथें निघतो व त्याचें उत्पन्न बरेंच येतें, (उ) डोंगरावर एक झरा असून त्याच्या मुखाशीं बैलाची आकृति आहे, व त्याचें पाणी केवळ सोमवारीं अमावास्या आली असतांच तळ्यांत उतरतें.

३. ही तपासणी पायींच करावी लागते. आणि तेथवर जाण्यास आतां मोठा खर्च किंवा खटाटोप लागत नाहीं. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास गेली. त्यानंतर हळूहळू जीं आडबाजूचीं क्षेत्रें अभ्यासकाच्या आटोक्यांत आलीं त्यांतच लोणार होय. मेहकराहून एस्. टी.नें सुमारें पांच-सहा कोसांचा प्रवास आहे. जालना, बुलढाणा व छत्रपती संभाजीनगर येथूनही गाड्या मिळतात. स्थानकावर उतरून गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ पाहावें, तेथून धारेवर जावें, आणि धारेपासून खालीं उतरून तळ्याच्या कांठाकांठानें फिरावें. उतारावर साग, कडुनिंब व सीताफळ यांचें रान आहे आणि पाण्याजवळ वेडी बाभूळ माजलेली आहे. मोर व वानर वाटेंत हटकून भेटतात. हें रान २००० सालीं अभयारण्य जाहीर झालें व २०२० सालीं तळ्याची गणना रामसर पाणथळांत झाली. म्हणून वनखात्याचे नियम पाळून व वाटाड्या बरोबर घेऊनच ही फेरी करावी. उन्हाळा टाळावा, कारण या खोलगट भांड्यांत वारा कमी व ऊन फार.

४. आतां पहिलें विधान. विष्णुगया हें नांव ब्राह्मणांच्या तोंडचें असल्याचें अबुल फज्ल स्वतःच सांगतो. बिहारांतील गया ब्रह्मदेवाची, विजापुराजवळची रुद्राची व ही विष्णूची, अशी तीन गयांची जोडणीही तो देतो. गांवांतील दैत्यसूदनाचें मंदिर विष्णूचें आहे. लवणासुरास विष्णूनें मारिलें व त्याच्या विवराचें झांकण पायाच्या अंगठ्यानें उडविलें, ही क्षेत्रकथा त्या देवळाशीं निगडित आहे. शिवाय तळ्याच्या कांठीं ‘रामगया’ नांवाचें देऊळ आजही उभें आहे. म्हणजे पितृकार्याचें क्षेत्र म्हणून लोणारची जी प्रतिष्ठा होती तिची खूण स्थळनामांत शिल्लक राहिली आहे. हें विधान पूर्ण जमतें. आणि माहिती देणारा मनुष्य क्षेत्रस्थ उपाध्यायांपैकीं किंवा त्यांच्याकडून ऐकलेला असावा असा तर्क त्यावरून होतो.

५. दुसरें विधान मात्र जसेंच्या तसें घेतां येत नाहीं. विवराचा वरचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर भरतो आणि आंतील पाण्याचा व्यास, ऋतुमानाप्रमाणें कमीअधिक, सुमारें १.२ किलोमीटर. अकबरी कोस पांच हजार इलाही गजांचा, म्हणजे आजच्या मानानें चार किलोमीटरांच्या आसपास. एक कोस लांब व एक कोस रुंद असें तळें या विवरांत मावणारच नाहीं. परंतु १.२ किलोमीटर व्यासाच्या पाण्याचा घेर काढला तर तो पावणेचार किलोमीटर येतो, म्हणजे जवळजवळ एक अकबरी कोस. यावरून असें सुचवावेंसें वाटतें कीं, मूळ माहितगारानें प्रदक्षिणेचें अंतर सांगितलें व तें दप्तरांत लांबीरुंदी म्हणून चढलें. क्षेत्रस्थ मनुष्य तळें मोजतो तें प्रदक्षिणेनें, दोरीनें नव्हे. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु कांठानें एक फेरी घालणारास तो पटण्याजोगा आहे. खोलीचें विधान मात्र चुकीचेंच म्हणावें लागतें. विवराची खोली कांठापासून सव्वाशे मीटरांहून अधिक असली तरी पाणी कांहीं मीटरच खोल आहे.

६. पाणी मध्यें व कांठीं गोडें, ही गोष्ट वाचतांना चमत्कारिक वाटते. कांठापुरती ती खरी आहे : विवराच्या उतारावर गोड्या पाण्याचे झरे आहेत व त्यांचें पाणी वाहत जाऊन खाऱ्या पाण्यास मिळतें. मध्याविषयीं विचार करतांना कमळजेच्या देवळापुढील विहिरीकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात. तिच्या एका अंगाचें पाणी गोडें व दुसऱ्या अंगाचें खारें असें लोक सांगतात. तळ्याचें पाणी चढलें म्हणजे ती त्यांत बुडून जाते व ओसरलें म्हणजे पुन्हा दिसूं लागते. पाण्यांत बुडालेली गोडी विहीर हीच लांबच्या लेखकाच्या हातीं ‘तळ्याच्या मध्यावरील गोडें पाणी’ झाली असावी.

७. चौथें विधान आर्थिक इतिहासाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें आहे. तळ्याचें पाणी अतिशय क्षारयुक्त असून त्यांत सोडियम कार्बोनेट व साधें मीठ हीं मुख्य द्रव्यें आहेत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं या खाराच्या निरनिराळ्या प्रतींचीं नांवें व्यवहारांत रूढ होतीं. कांच व साबण यांस सोडियम कार्बोनेट लागतेंच. तेव्हां विधानाचा तेवढा भाग निर्विवाद आहे. अडचण आहे ती सोऱ्याची. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूचें द्रव्य, तें निराळें. फारशींत ‘शोर’ म्हणजे खारट व ‘शोरा’ म्हणजे सोरा. एका अक्षराचा फरक आहे. मूळांत ‘शोरा’ असेल, तर लोणारास दारूगोळ्याच्या इतिहासांत जागा द्यावी लागेल आणि मोंगलांस या लहानशा महालाचें अगत्य कां वाटलें याचा उलगडा होईल. नसेल, तर एका नकलनविसाच्या किंवा भाषांतरकाराच्या शब्दावर मोठी इमारत उभारण्याचा मोह टाळला पाहिजे. याचा निकाल तळ्याच्या कांठीं लागणार नाहीं, पोथ्यांतच लागेल.

८. राहिलें पांचवें विधान. डोंगरावरचा बैलमुखाचा झरा म्हणजे कांठाच्या ईशान्य बाजूची धार, हें ओळखण्यास श्रम पडत नाहींत. तिला आजही गोमुख म्हणतात. पण ही धार बारा महिने वाहते, व तिचें पाणी उतारावरून तळ्याकडेच जातें. सोमवती अमावास्येचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. मग हें विधान आलें कोठून? सोमवती अमावास्या ही तीर्थस्नानाची व पितृकार्याची मोठी पर्वणी. त्या दिवशीं धारेवर स्नान करून तळ्याकडे उतरण्याचा जो विधि, त्याचें वर्णन पाण्याच्या अंगावर पडलें असावें. अर्थात् पाण्याविषयीं हें विधान खोटें असलें तरी पर्वणीविषयीं तें चांगला पुरावा आहे : सोळाव्या शतकाच्या अखेरीस धार व तळें हीं एकाच यात्राविधीचीं दोन अंगें होतीं, इतकें त्यावरून म्हणतां येतें.

९. तळ्याच्या उत्पत्तीविषयीं दोन शब्द पुरेत. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाचा इंग्रज अधिकारी येथें येऊन गेला. पुढें भूशास्त्रज्ञांनीं तें ज्वालामुखीचें कार्य मानिलें. नंतर उल्कापाताची शक्यता सुचविली गेली. आणि १९७३ सालीं खडकांत सांपडलेल्या आघातजन्य द्रव्यावरून तो पक्ष सिद्ध झाला. वयाविषयीं मात्र अद्याप एकमत नाहीं; एका मापनानें तें सुमारें ५२,००० वर्षें येतें, तर दुसऱ्यानें सुमारें ५,७०,००० वर्षें. जून २०२० मध्यें पाणी गुलाबी झालें होतें. खारटपणा वाढून त्यांत मीठप्रिय सूक्ष्म जीव माजल्याचा तो परिणाम, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें दाखविलें. गोड्या व खाऱ्या पाण्याचा तोल येथें किती नाजूक आहे याची ती खूणच होय.

१०. एकंदरींत, पांच विधानांपैकीं एक पूर्ण खरें, दोन अंशतः खरीं, एक संशयित व एक अक्षरशः खोटें पण अर्थानें उपयुक्त, असा हिशेब लागतो. अबुल फज्लनें लोणार पाहिलें नव्हतें, पण ज्यानें पाहिलें त्याचें बोलणें त्याच्या कानीं गेलें होतें, हें स्पष्ट आहे.

आतां संग्राहकांस दोन विनंत्या. ‘आईन’ची फारशी हस्तलिखित प्रत ज्यांच्या पाहण्यांत असेल त्यांनीं वऱ्हाड सुभ्याच्या प्रकरणांतील ‘सोरा’ व ‘कोस’ या दोन स्थळांचे पाठ नकलून प्रसिद्ध करावे. आणि लोणार, मेहकर या बाजूच्या उपाध्याय घराण्यांत यात्रेकरूंच्या वह्या अथवा क्षेत्रमाहात्म्याच्या पोथ्या असल्यास त्यांच्या नकला करून घ्याव्या, मूळ प्रती घराण्याच्याच ताब्यांत राहूं द्याव्या. हीच गोष्ट तळ्याकांठच्या दगडांची. कुमारेश्वर, यज्ञेश्वर, वाघमहादेव, मोरमहादेव अशीं किती तरी देवळें रानांत ढांसळत उभीं आहेत. तेथील कोरीव तुकडा उचलून संग्रहांत आणिला तर संग्रह एका दगडानें वाढतो, पण देवळाचा पुरावा कायमचा तुटतो. कागद वाचवावयाचा तर तो घरीं आणावा लागतो. दगड वाचवावयाचा तर तो जेथें आहे तेथेंच राहूं द्यावा, व आपण त्याच्याकडे जावें. जाण्यास गाडी आहे, आणि उतरल्यावर वाट एका कोसाचीच आहे.