गॉडफ्रीची ‘नम्रता’

पडद्यावरचा लाडका माणूस उद्धट वागताना पकडला जातो आणि लोक खवळतात, हे मोबाइलच्या जमान्यातलं नाही. १९५३ सालची अमेरिका बघा. सीबीएसचा आर्थर गॉडफ्री घरातल्या काकासारखा बोलायचा, जाहिरातदारांचीही थट्टा करायचा. लोकांना तो आपला वाटे.

१९ ऑक्टोबरची सकाळ. नौदलात असताना गॉडफ्रीनेच हेरलेला तरुण गायक ज्युलियस ला रोझा गाणं संपवतो. टीव्हीवरचा भाग आटोपलेला, पण रेडिओ चालूच. तिथंच गॉडफ्री जाहीर करतो, की हे त्याचं इथलं शेवटचं गाणं! ला रोझाने स्वतःचा एजंट नेमला होता, हे त्याला खुपलं होतं. पुढं पत्रकारांना मात्र कारण सांगितलं, की मुलात नम्रता उरली नाही.

तोच शब्द अंगाशी आला. कामावरून काढणं हा मालकाचा हक्क, ते एकवेळ लोकांनी सोसलं असतं. पण चारचौघांत पोराचा अपमान करून वर नम्रतेचे धडे? मग तो काका खरा कुठला?

गॉडफ्री रेडिओवर १९७२ पर्यंत टिकला. काकापण मात्र त्या सकाळीच गेलं.