समाजकार्याचे शिक्षण : नागपाड्यापासून उत्तनपर्यंत

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत, उत्तनच्या केशवसृष्टीत, ठाण्याचे खासदार रामभाऊ म्हाळगी यांच्या स्मरणार्थ १९८२ मध्ये स्थापन झालेली प्रबोधिनी कार्यकर्त्यांना आणि लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते. लोकांची कामे करायला नुसती तळमळ पुरत नाही, ती कामे शिकावी लागतात, हा या संस्थेमागचा विचार मुंबई इलाख्यात मात्र त्याच्या पाऊणशे वर्षे आधीच रुजला होता.

नामदार गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात सदस्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे आणि त्या काळात अभ्यास व देशाटन या दोहोंचा परिपाठ असे. याच समाजातील नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली आणि गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रीचे वर्ग, वाचनालये असे उपक्रम हाती घेतले. पुढे १९२० मध्ये ‘आयटक’ या देशव्यापी कामगार संघटनेच्या उभारणीतही त्यांचाच पुढाकार होता. मात्र हे सारे शिक्षण व्रताचे होते. त्यातून चरितार्थ चालावा अशी अपेक्षा नव्हती.

ती अपेक्षा प्रथम मान्य झाली १९३६ मध्ये. अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आलेले क्लिफर्ड मॅनशार्ट नागपाड्याच्या दाट, गरीब वस्तीत ‘नेबरहूड हाउस’ हे वस्तीकेंद्र चालवत होते. वस्तीतल्या अडचणी दानधर्माने तात्पुरत्या भागतात, पण त्यांची कारणे शोधायला प्रशिक्षित माणसे लागतात, या त्यांच्या मताला सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीचे पाठबळ मिळाले आणि नागपाड्यातच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. पहिल्या तुकडीत अवघे २० विद्यार्थी होते. याच शाळेचे १९४४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था असे नामांतर झाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या शिक्षणाचा प्राण म्हणजे क्षेत्रकार्य. विद्यार्थी आठवड्यातील ठरावीक दिवस एखादे रुग्णालय, बालगृह किंवा वस्ती येथे काम करतो, प्रत्येक गृहभेटीचा अहवाल लिहितो आणि मार्गदर्शकासमोर बसून तो वाक्यावाक्याने तपासून घेतो. क्षयरोग्याने औषध मध्येच का सोडले, एवढाच प्रश्न घेतला तरी त्याची मजुरी, घरातील खाणारी तोंडे, गावी ठेवलेली मुले आणि शेजाऱ्यांचे टोमणे हे सारे त्या अहवालात उतरते. एका माणसाला त्याच्या अडचणीतून वाट काढायला साहाय्य करणे याला व्यक्तिसहयोग कार्य म्हणतात, समूहाच्या माध्यमातून केलेल्या कामाला गटकार्य म्हणतात, आणि वस्तीने आपले प्रश्न एकत्र येऊन सोडवावेत यासाठी केलेली बांधणी म्हणजे समुदाय संघटन होय. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली आणि या विद्येला रुग्णालयाच्या आस्थापनेत जागा मिळाली.

१९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि पदवीधरांना नोकरीची मोठी वाट मोकळी झाली. ही वाट मोठ्या कारखान्यांपुरतीच होती, हे भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांकडे पाहिले की कळते : स्टीलची भांडी घडवणाऱ्या, पॉलिश करणाऱ्या छोट्या युनिटांत मोजकीच माणसे असतात, त्यामुळे धूळ आणि आवाज सोसणाऱ्या या कामगारांपर्यंत कल्याण अधिकारी पोहोचतच नाही. मिठागरांतील मजुरांची गतही याहून वेगळी नव्हती.

महाराष्ट्रात पुढे मुंबईचे निर्मला निकेतन (१९५५), नागपूरच्या मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था (१९५८) आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) उभी राहिली, आणि नंतर शासनाच्या अनुदानामुळे हे शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यात पोहोचले. विस्तार झाला, परंतु पाया बराच काळ अमेरिकन पाठ्यपुस्तकांचाच राहिला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते आजच्या कोणत्याही व्याख्येने संस्थात्मक समाजकार्यच होते. तरीही व्यवसायाचा इतिहास १९३६ पासून मोजण्याची सवय पडली आणि जातीचा प्रश्न व्यक्तीच्या समायोजनाच्या भाषेत हरवत राहिला, ही या शिक्षणातील सर्वांत मोठी उणीव मानली पाहिजे.

दुसरी उणीव कायद्यातील आहे. वकिलांना, डॉक्टरांना आपापली वैधानिक परिषद आहे. समाजकार्याच्या संपूर्ण क्षेत्रासाठी अशी परिषद देशात नाही. आरोग्यक्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांचा समावेश २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात झाला, पण वस्ती, शाळा आणि पोलीस ठाणे येथे काम करणारे त्याबाहेरच राहिले. वास्तविक टाटा संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांकडे महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, तेव्हाच पोलीस यंत्रणेत प्रशिक्षित समाजकार्यकर्ता किती उपयोगी पडतो हे सिद्ध झाले होते.

मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ ची, महानगरपालिका २००२ ची, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८. इतक्या वेगाने वाढलेल्या शहराला उत्तनसारख्या ठिकाणी तयार होणारा कार्यकर्ता हवा आणि क्षेत्रकार्यात मुरलेला पदवीधरही हवा. या दुसऱ्याला नोंदणी, निश्चित पात्रता आणि योग्य वेतन कायद्याने मिळवून देणे हे शासनाचे काम आहे आणि ते आणखी लांबणीवर टाकू नये.