निकाल कशाला म्हणायचे?

१९४८ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले शल्यविशारद अलेक्झांडर ब्रुन्शविग यांनी एक निबंध छापला. ओटीपोटात पसरलेल्या कर्करोगाच्या २२ रुग्णांची ती हकीकत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सारे उपाय हरले की त्यांनी गर्भाशय, योनी, मूत्राशय, गुदाशय असे सगळे एकाच वेळी काढून टाकले. मूत्रनलिका मोठ्या आतड्याला जोडल्या. मल आणि मूत्र पोटावरच्या एकाच छिद्रातून बाहेर पडे. २२ पैकी ५ जण शस्त्रक्रियेनेच दगावले.

हा क्रूरपणा वाटतो खरा. पण या रोगाची शेवटची अवस्था म्हणजे असह्य वेदना, रक्तस्राव आणि दुर्गंधी. माणसे जवळ यायला कचरत. त्यातून सुटका व्हावी एवढाच सुरुवातीचा हेतू होता. रोग बरा होण्याची आशा फारशी नव्हती.

पुढे निकाल सुधारला तो सुरी अधिक धाडसी झाली म्हणून नव्हे. आतड्यात मूत्र साचल्याने मूत्रपिंडांना संसर्ग होई, रक्तातले क्षार बिघडत. १९५० साली सेंट लुईसचे युजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याचा छोटा तुकडा वेगळा काढून मूत्रासाठी स्वतंत्र वाट केली. रक्तपेढ्या आणि प्रतिजैविके मदतीला आली. आणि मुख्य म्हणजे 'नाही' म्हणायला डॉक्टर शिकले. रोग ओटीपोटाबाहेर गेला असेल तर ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत.

आज नीट निवडलेल्या रुग्णांपैकी साधारण ४० ते ५० टक्के पाच वर्षे जगतात. अनुभवी केंद्रांत शस्त्रक्रियेतले मृत्यू बरेचदा ५ टक्क्यांच्या आत असतात. मात्र निम्म्याहून अधिक जणींना काही ना काही गुंतागुंत सोसावी लागते. पोटावरची पिशवी, बदललेले शरीर, नवऱ्याशी बदललेले नाते, हे सारे त्या टक्क्यांत कुठे दिसते? पूर्वीचे निबंध मुख्यतः किती जगल्या ते मोजत. कशा जगल्या, हे विचारायला फार वेळ लागला.

आणि या वाटेला जावेच लागू नये, याचा पुरावा आपल्याकडचाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने आणि वेळेवर उपचाराने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

ब्रुन्शविगांचे धाडस मोठेच. पण घराघरांत जाऊन बायकांना तपासणीला आणणाऱ्यांचा निकाल मला अधिक मोठा वाटतो.